सिकेटर, कात्री, कोयता: हत्याराला नाव आहे, माणसाला काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुम्ही फळबाग छाटणीच्या ट्रेनिंगसाठी मराठीत माहितीपत्रक लिहिताय, इंग्रजी मजकुरात 'प्रूनर' हा शब्द एका ठिकाणी कात्रीसाठी आलाय आणि दुसऱ्या ठिकाणी छाटणी करणाऱ्या माणसासाठी, मग मराठीत दोघांना मिळून एकच शब्द आहे का, आणि छाटणीच्या कात्रीला आपण दुकानात सिकेटर म्हणतो तो शब्द मुळात आला कुठून, सेक्रेटरीशी त्याचं काही नातं आहे का. मी निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो, तीस वर्षं झाली हातात कात्री आहे, आणि शब्दांचं वेड शाळेपासूनचं आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल पण सगळं सांगतो.

आधी सरळ उत्तर. छाटणीच्या कामात दोघांना मिळून एक शब्द मराठीत नाही. हत्याराला कात्री किंवा सिकेटर म्हणतात, कामाला छाटणी म्हणतात, आणि माणसाला आपण नीट नावच दिलेलं नाही, 'छाटणीवाले' म्हणतो नाहीतर नुसतं 'लेबर'. ऊसतोडीत मात्र एक शब्द असा आहे जो हत्यार पण आहे आणि माणूस पण, तो म्हणजे कोयता, त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो कारण तो मला आत कुठेतरी टोचतो. आणि सेक्रेटरीशी काहीही नातं नाही. गावाकडे सोसायटीच्या सेक्रेटरीला पण शिकेटरी म्हणतात आणि कात्रीला पण काही जण शिकेटर म्हणतात म्हणून कानाला सारखं वाटतं एवढंच, सेक्रेटरी हा शब्द 'सिक्रेट' म्हणजे गुपितावरून आलेला, गुपितं सांभाळणारा माणूस तो.

सिकेटर हा मूळ फ्रेंच शब्द आहे, सेकातर असा काहीसा उच्चार, आणि त्याच्या पोटात लॅटिन 'सेकारे' म्हणजे कापणे हे क्रियापद आहे. नवी मुंबईत आपण पत्ता सांगताना सेक्टर सतरा, सेक्टर अठरा म्हणतो ना, ते सेक्टर याच घरातलं, कापून वेगळा काढलेला तुकडा. इंग्रजीतला विळ्यासाठीचा 'सिकल' हा शब्दही लॅटिनमधून याच मुळाचा गेलेला आहे. हे हत्यार बनवण्याचं श्रेय बर्ट्रांड द मोलव्हिल या फ्रेंच सरदाराला देतात. हा माणूस राज्यक्रांतीच्या काळात सोळाव्या लुईचा आरमारमंत्री होता, नंतर जीव वाचवायला इंग्लंडला पळाला, बऱ्याच वर्षांनी परत आला आणि १८१५ च्या आसपास त्याच्या नावावर ही कात्री आली, १८१८ मध्ये तो गेला. त्याच्या आधी फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत 'सर्पेत' नावाची वाकड्या पात्याची छोटी सुरी चालायची, आपल्या कोयतीची लहान बहीण समजा. द्राक्षाची काडी सुरीने कापायची म्हणजे एक झटका ओढावा लागतो, वेल हलते, हात चुकला तर शेजारचा डोळा, म्हणजे काडीवरचा फुटायचा कोंब, जातो, आणि दिवसभर ते करून मनगट भरून येतं. दोन पात्यांत धरून दाबलं की काम झालं, एका हातात काडी आणि दुसऱ्या हातात कात्री, हा फरक ज्याने दिवसभर छाटणी केलीय त्यालाच कळेल.

इंग्रजांनी हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे उचलला, आणि 'सिझर्स'सारखा तो कायम अनेकवचनी ठेवला, एका कात्रीला पण ते 'पेअर' म्हणतात. अमेरिकेत हा शब्द फारसा चालत नाही, तिथे प्रूनर किंवा प्रूनिंग शिअर्स म्हणतात. आपल्याकडे सिकेटर रुजला तो इंग्रजांच्या इंग्रजीमुळे, कृषी खात्याच्या आणि कृषी महाविद्यालयांच्या भाषेतून तो आला आणि मग हार्डवेअरच्या दुकानात जाऊन बसला. माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो, त्याने घरामागच्या गुलाबासाठी दुकानात सिकेटर मागितलं तर समोरच्या पोराला कळेचना, प्रूनर म्हटल्यावर लगेच काढून दिलं. मराठीने त्याचं अनेकवचन सोडून दिलं, आपण सरळ 'एक सिकेटर दे' म्हणतो, आणि लिंगाचं तर काही ठरलेलंच नाही, कुणी 'तो सिकेटर' म्हणतं, कुणी 'ती सिकेटर', कारण बोलताना मनात कात्रीच असते.

आता या फ्रेंच शब्दातली एक गोष्ट बघा, माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. त्याच्या शेवटी जो प्रत्यय आहे त्याचा अर्थ 'करणारा'. म्हणजे सिकेटर शब्दाचा अर्थ शब्दशः 'कापणारा'. इंग्रजीत 'प्रूनर' तसंच, शेवटचा '-अर' म्हणजे करणारा, मग तो माणूस असो नाहीतर लोखंड असो, भाषेला फरक पडत नाही. त्या भाषांमध्ये हत्यार आणि माणूस एकाच घरात राहतात. आणि अशा घरात बहुतेक वेळा हत्यार माणसाला बाहेर काढतं, हे मला फार विचार करायला लावतं. कॉम्प्युटर हा शब्द घ्या. सतराव्या शतकापासून कॉम्प्युटर म्हणजे आकडेमोड करणारा माणूस, पुढे वेधशाळांमधून बायका पण ते काम पगारावर करायच्या आणि त्यांना कॉम्प्युटरच म्हणायचे, मग यंत्र आलं आणि माणूस त्या शब्दातून निघून गेला. टाइपरायटर पण सुरुवातीला मशीनला म्हणायचे आणि त्याच्यावर टाइप करणाऱ्या व्यक्तीला पण, शेवटी मशीनच उरलं.

आणि कॉम्प्युटरचं मूळ कळलं तेव्हा मी खरंच थक्क झालो होतो. लॅटिनमध्ये 'पुतारे' म्हणजे साफ करणे, छाटणी करणे, आणि छाटणी करणाऱ्या माणसाला 'पुतातोर' असं स्वतंत्र नाव होतं. जादा काड्या काढून टाकून वेल मोकळी करायची तसा हिशोबातला जादा गुंता काढून टाकायचा, म्हणून त्याच शब्दाला हिशोब करणे, विचार करणे असा अर्थ आला, आणि त्याच्यातून 'कॉम्प्युट'. डॉक्टर पाय कापायची वेळ आली की 'अँप्युटेशन' म्हणतात, ते पण यातलंच, चौफेर छाटणे. पहिल्या शतकातल्या एका रोमन शेतीलेखकाने द्राक्षछाटणीच्या सुरीचं वर्णन केलंय, त्या एका सुरीच्या सहा भागांना सहा वेगळी नावं होती, ओढून कापायचं ते वेगळं, ढकलून कापायचं ते वेगळं, मागे छोटी कुऱ्हाड. ज्या लोकांनी सुरीच्या सहा भागांना नावं ठेवली त्यांनी माणसाला पण नाव ठेवलं होतं. आणि एक राहिलं, टेलर. फ्रान्समध्ये आजही द्राक्षाच्या छाटणीला 'ताय' म्हणतात आणि छाटणी करणाऱ्याला 'तायर', तोच शब्द कपडे शिवणाऱ्यासाठी इंग्रजीत टेलर होऊन आपल्या बाजारपेठेत पाटीवर आलाय, आणि त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ झाडाची कापलेली फांदी, लावायची काडी.

प्रूनिंग शब्दाबद्दल थोडंच सांगतो. तो जुन्या फ्रेंचमधून आलाय आणि त्याच्या मुळाबद्दल दोन मतं आहेत, एक म्हणतं पुढून गोलसर कापणे, दुसरं म्हणतं वेलीची काडी जमिनीत दाबून नवीन वेल करणे. सुकवलेल्या आलुबुखाऱ्याला पण इंग्रजीत प्रून म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध नाही, तो वेगळा शब्द.

आता आपल्याकडे या. कात्री हा आपला जुना शब्द, संस्कृत 'कर्तरी', प्राकृतात 'कत्तरी', मग कात्री. मूळ धातू कृत् म्हणजे कापणे. केशकर्तनालयाच्या पाटीत तोच धातू आहे, कातरणं पण त्यातलंच, आणि पत्रिका बघणारे पापकर्तरी योग म्हणतात तो पण हाच, दोन बाजूंनी पापग्रह कात्रीच्या पात्यासारखे. पण शाळेत शिकलेला कर्तरी प्रयोग मात्र यातला नाही! तिथला कर्तरी 'कर्ता'वरून आलाय, कृ म्हणजे करणे. एक कर्तरी म्हणजे कापायचं हत्यार आणि दुसरा कर्तरी म्हणजे करणाऱ्याच्या बाजूचा, दिसायला एकच आणि कुळं दोन. संस्कृतने हत्यार आणि कर्ता इतके जवळ आणून ठेवले तरी एक होऊ दिले नाहीत, हे मला फार आवडतं. हिंदीत कैंची म्हणतात तो तुर्की शब्द, त्याचा आपल्या कात्रीशी संबंध नाही. सुपारीचा अडकित्ता कानडीतून आलाय, कानडीत अडके म्हणजे सुपारी. आणि बाकीची हत्यारं पण बघा, खुरपं संस्कृत 'क्षुरप्र'वरून, म्हणजे वस्तऱ्यासारख्या धारेचं, करवत 'करपत्र'वरून, कुऱ्हाड 'कुठार'वरून. सगळी हत्यारं खानदानी आहेत.

मग छाटणीच्या '-णी'कडे जरा लक्ष द्या. पेरणी, कापणी, मळणी, खुरपणी, लावणी, विरळणी, ही सगळी कामं. पण चाळणी, गाळणी, किसणी, लेखणी, फुंकणी ही हत्यारं, प्रत्यय तोच. लाटणं तर कमालच आहे, पोळी लाटणं हे काम पण आणि ज्याने लाटायचं ते लाकूड पण लाटणंच. म्हणजे मराठीत काम आणि हत्यार एका घरात राहतात, माणूस वेगळा राहतो. तुमच्या माहितीपत्रकात जी अडचण आली ती यामुळे, इंग्रजीने हत्यार आणि माणूस एकत्र बांधलेत आणि मराठीने काम आणि हत्यार, गाठच वेगळ्या ठिकाणी आहे, म्हणून एका शब्दाला एक शब्द असं भाषांतर बसणारच नाही, जिथे प्रूनर हत्यार असेल तिथे कात्री लिहा आणि जिथे माणूस असेल तिथे वेगळा शब्द.

आपल्याकडे हत्याराचं नाव माणसाला पडतच नाही असं पण नाही. जुने लोक 'उद्या चार औतं सांगितलीत' म्हणायचे, त्या औतात लाकूड, बैल, आणि मागे चालणारा माणूस सगळं आलं. पण तिथे औतवाला बहुतेक वेळा गावातलाच, सावडीचा, आज तो तुमच्याकडे उद्या तुम्ही त्याच्याकडे, त्याला सगळे नावाने ओळखायचे. कोयत्याचं तसं नाही.

कोयता हा शब्द आपल्याकडे दक्षिणेकडून आलाय, तमिळमध्ये 'कोय्' म्हणजे कापणे, खुडणे, कानडीत 'कोय्यु', मल्याळममध्ये भातकापणीला 'कोय्त्त' म्हणतात. कोकणात कोयती, गोव्यात कोयतो, तिथे शेतकरी कमरेला मागे लाकडी आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवून फिरतो, तिथे कोयती म्हणजे फक्त कोयती. पण ऊसतोडीत अर्थ बदलतो. दसरा दिवाळी झाली की बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना, परभणी या भागांतून टोळ्या कारखान्यांकडे निघतात, मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, आणि हिशोब कोयत्यांवर होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. 'माझ्याकडे १२ कोयते आहेत' म्हणजे २४ माणसं, शिवाय त्यांची लेकरं, जी कोणाच्याच मोजणीत नाहीत. फडात बाई ऊस पण तोडते, मोळी पण बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करते, पहाटे उठून कोपीत म्हणजे त्यांच्या झोपडीत भाकरी पण तिनेच थापलेल्या असतात, आणि शब्द मात्र एक, हिशोब एक, तो पण बहुतेक नवऱ्याच्या नावावर. इंग्रजीत माणसाचं नाव हत्याराला गेलं, इथे हत्याराचं नाव माणसाला आलं, आणि ते पण दोन माणसांत मिळून एक. मी स्वतः ऊस फार लावत नाही पण आमच्या भागात टोळ्या येतात, त्यांच्या कोपीवर मी गेलोय, आणि मला तो शब्द माणसासाठी वापरवत नाही. तुम्हीही माहितीपत्रकात चुकून तो धागा पकडू नका.

कलम हा शब्द पण या घरातला नसला तरी शेजारचा आहे म्हणून सांगून टाकतो. अरबी फारसीतून आला, मूळ अर्थ बोरू, तासून टोक केलेला. मराठीत लेखणीला कलम, कायद्याच्या तुकड्याला कलम, आणि झाडाला बांधतात ते कलम. रत्नागिरीकडे माणूस 'आमची २०० कलमं आहेत' म्हणतो तेव्हा ती हापूसची बांधलेली झाडं. आणि आसामच्या चहाच्या मळ्यांत कलम म्हणजे चक्क छाटणी, आपल्याकडे ज्या शब्दाने जोडतात त्याच शब्दाने तिकडे तोडतात.

आता द्राक्षाची छाटणी म्हणजे नेमकं काय काम असतं ते सांगतो, कारण माणसाला कोणतं नाव द्यायचं ते त्याच्याशिवाय ठरणार नाही. थंड देशात द्राक्षवेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते आणि वर्षात एकदा छाटली की झालं. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो. एप्रिलची खरड छाटणी, तिच्यात ओलांड्यावरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या फाट्यावरच्या, सगळ्या काड्या एक-दोन डोळ्यांवर आणायच्या, सगळं खरडून काढल्यासारखं दिसतं म्हणून ते नाव. त्यानंतर फुटलेल्या काडीत दीड-दोन महिन्यांत घडाची निर्मिती आत डोळ्यात होऊन जाते, बाहेरून काही दिसत नाही. मग ऑक्टोबरची गोडी छाटणी, फळासाठीची, आणि तिथे खरी परीक्षा. काडी तपासणीच्या रिपोर्टमध्ये कळतं कितव्या डोळ्यात घड आहे, पण प्रत्येक काडी वेगळी असते, जाड, बारीक, सबकेन केलेली म्हणजे शेंडा खुडून बगलेतून फुटवलेली, सावलीत राहिलेली, आणि कुठल्या डोळ्यावर कापायचं ते कापणाऱ्याने उभ्या उभ्या ठरवायचं असतं. ९ बाय ५ फुटांवर लावलेल्या बागेत एकरी साडेनऊशेच्या वर झाडं बसतात, एका झाडावर ३५ काड्या धरल्या तर एकरात ३३,००० पेक्षा जास्त वेळा कात्री चालते, आणि प्रत्येक वेळी निर्णय आहे. एक डोळा आखूड कापलं तर त्या काडीचा घड गेला, परत मिळायचा तो पुढच्या वर्षी.

मी १९९४ मध्ये पहिल्यांदा छाटणीत हात घातला तेव्हा मला वाटलं होतं यात काय शिकायचंय. वडिलांनी सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीतल्या एका म्हाताऱ्या दादांसोबत लावलं. दोन ओळी झाल्यावर ते मागून आले, माझं एक झाड बघितलं आणि काही न बोलता माझ्या हातातली कात्री उलटी करून परत दिली. मी कात्री उलट्या बाजूने धरत होतो. या कात्रीला एका बाजूला धारेचं पातळ पातं असतं आणि दुसऱ्या बाजूला जाड वाकडा आकडा. पातं कापतं आणि आकडा दाबतो, ज्या बाजूला आकडा ती काडी थोडी चेंगरते, म्हणून पातं कायम झाडावर राहणाऱ्या भागाकडे पाहिजे आणि आकडा फेकायच्या भागाकडे. मी केलेल्या दोन ओळींतले खुंट पुढे चेंगरून वाळलेले दिसत होते आणि त्यांच्या ओळींतले स्वच्छ होते. काप डोळ्याच्या वर अर्धा-पाऊण इंच, आणि तिरका, उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, कारण छाटल्यावर काडीतून पाणी गळतं ते डोळ्यावर उतरायला नको. त्यांचं आणखी एक होतं, ते आवाजावरून सांगायचे. काप नीट झाला की कट असा कोरडा आवाज येतो, पातं बोथट झालं की तोच आवाज ओला येतो, मग ते थांबायचे, खिशातला दगड काढून पात्याच्या फक्त उतरत्या बाजूने चार हात मारायचे, सपाट बाजूला दगड लावायचा नाही, लावला की पातं आणि आकडा यांच्यात फट पडते आणि काडी कापायच्या ऐवजी दुमडते. हे मी नंतर ट्रेनिंगमध्ये ऐकलं, पण आधी त्यांच्याकडून शिकलो होतो.

तुमच्या पत्रकात कात्रीचे दोन प्रकार आले असतील, बायपास आणि अ‍ॅनव्हिल. बायपास म्हणजे वर सांगितली ती, पातं आकड्याच्या बाजूने सरकून जातं, ओल्या जिवंत काडीला हीच. अ‍ॅनव्हिल म्हणजे पातं सपाट पट्टीवर येऊन बसतं, विळीसारखं नाही तर सुरी पाटावर दाबावी तसं, ती वाळक्या लाकडाला चालते, ओल्या काडीला चेंगरते. हे लोकांना सांगताना इंग्रजी नावं सांगू नका, 'सरकणारी कात्री' आणि 'दाबणारी कात्री' म्हणा, लगेच कळतं. लांब दांड्याच्या कात्रीला दुकानदार लॉपर म्हणतात, बंगल्यांवर काम करणारे माळी मोठ्या कात्रीला मेंदीची कात्री म्हणतात कारण कुंपण मेंदीचं असायचं, आणि घड विरळायला बारीक टोकाची असते ती विरळणीची कात्री, ती मुख्यतः बायांच्या हातात. आणि डाळिंबवाले असतील तर एक ओळ ठळक टाका, तेल्या रोग कात्रीवरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, म्हणून झाड बदललं की कात्री सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवायची. आता बॅटरीवरच्या कात्र्या आल्यात, काम झपाट्याने होतं, पण बोट आणि काडी तिला सारखीच, शिकवल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नका.

तर माणसाचं नाव. माळी म्हणता येईल का, तर माझं मत नाही. माळी हा शब्द 'माला'वरून आलाय, फुलं गुंफणारा, तो बाग सांभाळणारा आहे, त्याचं काम वर्षभराचं आणि छाटणीपेक्षा मोठं, शिवाय ते जातीचं नाव पण आहे. 'छाट्या' व्याकरणाने बरोबर होईल, लाकूडतोड्यासारखं, पण कानाला हलकं लागतं, समोरच्या साठ वर्षांच्या माणसाला मी छाट्या म्हणणार नाही. कटर तर नकोच, कपड्यांच्या कारखान्यात कटर म्हणजे माणूस आणि बाजारात ग्रास कटर म्हणजे मशीन, परत तोच घोळ. गोव्यात आणि तळकोकणात नारळ पाडणाऱ्याला 'पाडेली' म्हणतात, पाडणे यावरून, कामावरून पडलेलं आणि माणसालाच लागू असलेलं नाव, कोणत्याही हत्याराला पाडेली म्हणत नाहीत. असं एखादं नाव छाटणीला आपसूक पडलं असतं तर किती बरं झालं असतं. पेठ, सुरगाणा, हरसूल इथून माणसं येतात, उक्तं काम घेतात, पिढ्यान् पिढ्या हेच करतात, त्यांच्या हातावर नाशिकच्या द्राक्षांची एक्स्पोर्ट उभी आहे, आणि आमच्या वह्यांत त्यांच्यापुढे 'लेबर ८' असं लिहिलेलं असतं, माझ्या वहीत पण होतं.

पत्रकात तुम्ही 'छाटणी कारागीर' लिहा असं मी सुचवेन. कारागीर शब्दात कसब येतं, गवंडी, सुतार यांच्या पंगतीत तो माणूस बसतो, बाईलाही तोच शब्द चालतो, आणि वाचणाऱ्याला समजवावा लागत नाही. बोलताना 'छाटणीवाले' चालू द्या, तो शब्द लोकांच्या तोंडचा आहे, त्यात काही कमीपणा नाही. हत्याराला सगळीकडे 'कात्री' लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'कात्री म्हणजे दुकानात सिकेटर मागतात ती' एवढं जोडा. मी गेल्या ऑक्टोबरपासून माझ्या वहीत 'छाटणी कारागीर' असा रकाना केलाय आणि त्याच्याखाली आकडा न टाकता आठही जणांची नावं लिहितो, कोणी कोणती ओळ छाटली ते नावापुढे, फुटवे निघाले की वही घेऊन बागेत जातो आणि कोणाच्या ओळीत डोळे कसे फुटलेत ते बघतो.